वीतभर फीत

थांब रे. ती कॅसेट तशीच आत ढकलू नकोस. आधी व्हीसीआरचं हेड साफ करायचं, मग कॅसेट घालायची. आणि तो रुमाल खिशात ठेव. रुमाल नाही, कापूस नाही, कापसाचे धागे हेडला अडकतात. त्या पत्र्याच्या डब्यात पिवळसर मऊ चामडं आहे बघ, त्यावर दोन थेंब स्पिरिट टाक. आत तो गोल ड्रम आहे ना, त्यातच हेड असतं; चामडं त्याला नुसतं टेकवून धरायचं आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवायचा. वर-खाली घासलंस की हेड गेलंच म्हणून समज, आणि ते आता कुठे मिळत नाही. हळू. घाई कुणाला आहे? जेवणं झालीत, उद्या सुट्टी आहे. दिवा मात्र घालव, नाहीतर तुमची काकू आतून ओरडेल. बसायला टीव्हीचा उजेड पुरतो.

हसताय काय? एका कॅसेटची घाण दुसरीत जाते, हे मला ज्याने शिकवलं त्याला ते फार महागात पडलंय. ऐकायचंय? मग मोबाइल पालथे घाला. मध्येच कुणाचं तोंड उजळलं की मी थांबणार.

माझा साडू, म्हणजे तुमच्या काकूच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान होतं. येईल त्या माणसाला पहिला प्रश्न, "हेड कधी साफ केलं होतं?" त्यावरून सगळे त्याला हेडमास्तर म्हणायला लागले. शाळेत दोनदा गटांगळ्या खाल्लेला माणूस, आणि नाव हेडमास्तर. सासुरवाडीला आम्ही एकत्र जमलो की मी सगळ्यांसमोर "या मास्तर, छडी कुठाय?" म्हणायचो आणि तो टेबलाखालून मला लाथ घालायचा. साडू-साडूंचं तसं चालतंच.

पुढे व्हीसीआरचा जमाना संपला. लोकांनी मशीनं भंगारात घातली, पण कॅसेटी कपाटात राहिल्या होत्या. कॅसेट कोण टाकणार? कुणाचं लग्न असतं त्यात, कुणाचा गेलेला बाप असतो. मग ती माणसं कॅसेट छातीशी धरून हेडमास्तरकडे यायची. आसपासच्या दहा गावांत चालू मशीन असलेला तो एकटाच उरला होता. त्याच्याकडे एक मशीन अगदी चांगल्या हेडचं होतं, त्याला तो स्वतःच्या पोरांनाही हात लावू द्यायचा नाही.

त्याच्या दोन सवयी लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

एक, त्याची स्वतःची चाचणीची कॅसेट होती. मशीन ठीक चाललंय की नाही ते तिच्यावर बघायचं. तिच्यात होतं काय, तर दुकानाच्या मागच्या खोलीचं बंद दार. दाराला वरच्या बाजूला कडी, आणि भिंतीवर घड्याळ. कुणाचा तरी कॅमेरा स्टुलावर ठेवून त्यानेच घेतलं होतं ते. चौकट सरळ दिसली की चित्र ठीक, टिकटिक एकसारखी ऐकू आली की वेग ठीक. मी म्हणायचो, "मास्तर, सिनेमा झकास आहे, पण यात माणूस कधी येतो?" पुढे तो विनोद मी पुन्हा कधी केला नाही.

दुसरी सवय तशी या धंद्यातल्या सगळ्यांचीच. मशीनने फीत खाल्ली, म्हणजे आत गुरफटून चुरगळली, की तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि दोन्ही टोकं जोडायची. वीतभर फीत गेली तर आठ-नऊ सेकंदांचं चित्र जातं, पण बाकीची कॅसेट वाचते. कापलेले तुकडे हा एका खोक्यात टाकायचा. शेजारच्या भाजीवाल्या मावशी ते घेऊन जायच्या. दुकानामागे त्यांचे टोमॅटोचे वाफे होते, तिथे काठ्यांना बांधायच्या. वारा आला की फिती थरथरतात, गुणगुणतात, पाखरं जवळ येत नाहीत.

झालं असं. डिसेंबर होता. एका गुरुवारी संध्याकाळी एक बाई दुकानात आल्या. साठीच्या आसपास, पदराने धरलेली एक कॅसेट. हेडमास्तरने झाकण उचलून बघितलं. फितीच्या कडेने पांढरी बुरशी.

"कुठे ठेवली होती ताई? ओल लागलीय."

"पेटीत होती. चालेल ना?"

"साफ करतो. काय आहे यात?"

"लग्न आहे. आमची पोर आहे त्यात. तिचे बाबा अंथरुणाला खिळलेत, त्यांना बघायचंय. उद्या द्याल?"

"उद्या संध्याकाळी या."

बाई आणखी काही सांगणार होत्या असं त्याला वाटलं, पण त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "घरी त्यांच्यापाशी कोणी नाहीये," एवढं बोलून निघून गेल्या.

आता तुम्हीच सांगा. लग्नाची कॅसेट, त्यात आमची पोर. तुम्हाला काय वाटेल? हेडमास्तरलाही तेच वाटलं. नवरी यांची मुलगी.

त्याने कॅसेट उघडली, बुरशी पुसली, सगळं नीट केलं. चांगल्या मशीनवर लावली. नवरी आली, स्वच्छ दिसली. हसली, रडली, निघून गेली. लग्न संपलं आणि पडद्यावर मुंग्या, ते काळे-पांढरे ठिपके, सुरू झाल्या. त्याने शेवटपर्यंत पळवायचं बटण दाबलं, आणि टोकाशी येता येता मशीनने फीत खाल्ली. वीतभर चुरगळली. एरवी तो गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कात्री लावायचा नाही. पण मुंग्यांच्या पुढे काय असणार? रिकामी फीत. बाईंचा फोन नंबरही घेतलेला नव्हता. त्याने तुकडा कापला, टोकं जोडली आणि तुकडा खोक्यात टाकला.

त्या रात्री ते सगळे आमच्याकडे जेवायला यायचे होते. त्याची बायको तयार होऊन दुकानाच्या पायरीशी उभी, "चला ना, किती वेळ?" करत होती. मशीनला काही झालं नाही ना एवढं बघायला त्याने घाईघाईत चाचणीची कॅसेट आत घातली. हेड साफ न करता. त्या बुरशीच्या फितीची घाण ड्रमवर तशीच होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने असं केलं.

पडद्यावर दार आलं, कडी आली, घड्याळ आलं. चित्र ठीक होतं. फक्त दाराशी खालच्या बाजूला एक काळसर डाग होता. घाण असेल, सकाळी बघू, असं म्हणून तो निघाला. आमच्याकडे दोन वेळा भात घेतला त्याने, मला आठवतं.

शुक्रवारी सकाळी त्याने पहिलं काम केलं ते हेडचं. चामडं, स्पिरिट, सगळं साग्रसंगीत. मग चाचणीची कॅसेट लावली.

डाग गेला नव्हता. डागाला आकार आला होता.

एक लहान मुलगी. चार-पाच वर्षांची असेल. पाठमोरी. अंगात फ्रॉक, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. दाराशी टाचा उंचावून उभी होती आणि उजवा हात वर केलेला. कडीकडे. हात पोचत नव्हता. ती टाचा खाली टेकवायची, पुन्हा उंचवायची. पुन्हा हात वर. पुन्हा नाही.

हेडमास्तरने आवाज वाढवला. घड्याळाची टिकटिक होतीच. तिच्याखाली आणखी एक आवाज होता. लाकडावर नखं घासल्याचा.

आणि एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? पडद्यावर जे दार होतं, ते खरं दार त्याच्या पाठीमागेच होतं. तो कामाला बसायचा त्या मागच्या खोलीतच. तो किती वेळ मान न वळवता बसून राहिला. मग वळला एकदाचा. दार बंद होतं. कडी लावलेली. तिथे कोणी नव्हतं.

त्याने हेड पुन्हा साफ केलं. मग तिसऱ्यांदा केलं. दुसरं मशीन काढलं, त्यावर लावून बघितलं. मुलगी होतीच. ती आता त्या कॅसेटमध्येच होती.

संध्याकाळी बाई आल्या आणि कॅसेट घेऊन गेल्या. बघायला घरी मशीन नाही म्हणाल्या, तेव्हा त्याने एक जुनं मशीनही दिलं सोबत. बाकी तो काही बोलला नाही. बोलणार काय? माझ्या कॅसेटमध्ये एक पोर घुसलीय, असं सांगितलं तर लोक मशीनऐवजी मास्तरलाच दुरुस्तीला नेतील.

आता शनिवारची रात्र. डिसेंबरातला दुसरा शनिवार. बाजार कधीचाच बंद झालेला, थंडी कडाक्याची, गल्लीत कुत्रंही नाही. हेडमास्तर शटर अर्धं खाली ओढून आवराआवर करत होता. शटरच्या खालून त्याला पाय दिसले. अनवाणी.

त्याने शटर वर केलं. बाई होत्या. हातात कॅसेट. धापा टाकत होत्या, पदर खांद्यावरून घसरलेला, त्याचंही भान नव्हतं.

"दादा, ती नाहीये."

"कोण नाहीये?"

"आमची पोर. लग्न संपतं, मग मुंग्या येतात, आणि मग ती येते. आता मुंग्याच येताहेत. काल रात्रीपासून सारखी लावून बघतेय. मुंग्याच येताहेत, दादा."

हेडमास्तरने स्टूल पुढे सरकवलं. "ती नवरी..." तो म्हणाला.

"नवरी कुठली आमची? आमचे हे लग्नाचं शूटिंग करायचे." बाई स्टुलावर बसल्या. "जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींची लग्नं काढली त्यांनी. स्वतःच्या पोरीचं मात्र काही नाही. राहून गेलं. आज काढू, उद्या काढू. हे एवढंच आहे, तेही चुकून. तिला ताप भरला होता. मी तिला कडेवर घेऊन लग्नाच्या कार्यालयात गेले होते, यांना घरी बोलवायला. सामान आवरत होते, कॅमेरा चालूच राहिला होता. ही माझ्या कडेवरून उतरली आणि कॅमेऱ्यापाशी गेली. बाबा, घरी चला ना, म्हणाली. हे म्हणाले, आलोच. मग तिने कॅमेऱ्याच्या तोंडावर हात ठेवला आणि काळोख झाला. तेवढंच आहे."

"मग... आले का ते?"

"त्या रात्री आणखी एका लग्नाचं शूटिंग घेतलं होतं त्यांनी. पहाटे आले." बाईंनी घसरलेला पदर खांद्यावर घेतला. म्हणाल्या, "तोवर अंग गार पडलं होतं तिचं."

दुकानात फक्त घड्याळ वाजत होतं. खरं घड्याळ.

"झटका आल्यापासून यांची वाचा गेलीय. डॉक्टर आता येऊन गेले. म्हणाले, आजची रात्र काढली तर खूप. पण जीव जात नाही हो त्यांचा. टीव्हीवरून नजर हलत नाही. मला कळतं ना काय हवंय ते. एकदा दाखवा दादा. एकदाच. मी तुमच्या पाया पडते." आणि खरंच वाकल्या.

त्याने त्यांचे हात धरले. आणि सांगून टाकलं. "ताई, ती मी कापली. मला वाटलं, रिकामी फीत आहे."

बाई ओरडल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला. त्यांनी कॅसेट त्याच्या हातात दिली. मग म्हणाल्या,

"मग शोधा."

त्याने खोका ओढला. रिकामा. आदल्या दिवशीच मावशींनी सगळे तुकडे नेले होते.

चाचणीची कॅसेट तेव्हा त्याने का लावली, ते त्याला आजही सांगता येत नाही. बाईंना दिसू नये म्हणून टीव्ही स्वतःकडे वळवून घेतला आणि बटण दाबलं.

दार होतं. मुलगी आता उभी नव्हती. दमली होती. दाराला पाठ लावून खाली बसली होती, गुडघ्यांत तोंड खुपसून. खांदे हलत होते. टिकटिक ऐकू येत नव्हती...

कॅसेटमधलं घड्याळ थांबलं होतं.

त्याने बॅटरी उचलली आणि मागच्या बाजूला पळाला. मावशींना हाक मारून उठवलं. त्या खिडकीत आल्या.

"मावशी, काल नेलेल्या फिती कुठे बांधल्यात?"

"जुन्या-नव्या सगळ्या मिसळल्या की रे. काय झालं? सकाळी शोध."

"सकाळ नाही चालायची, मावशी."

त्याच्या आवाजात काहीतरी असावं. मावशींनी खिडकी लावून घेतली.

वाफ्यांत तो शिरला तेव्हा वारा सुटला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत काठ्या, आणि प्रत्येक काठीला फिती. शंभर असतील, दोनशे असतील. सगळ्या थरथरताहेत, सगळ्या गुणगुणताहेत. बॅटरीच्या उजेडात नुसतं काळं चकाकतंय. कुठली फीत कुणाची, कसं ओळखणार? उचलून डोळ्यांसमोर धरली तरी फितीवर काही दिसत नाही. कोरीही तशीच, भरलेलीही तशीच. एकेक जोडून बघायची म्हटलं तर आठवडा जाईल. आणि तिकडे एका माणसाकडे सकाळही नाही.

तो वेड्यासारखा एकेक फीत हातात धरून बघत सुटला. बोटं कापली. चिखलात गुडघ्यापर्यंत बरबटला. शेवटी एका सरीत बसला आणि रडला. माझा साडू, बापाच्या प्रेतापाशी न रडलेला माणूस. मोठ्याने म्हणाला, "पोरी, माझं चुकलं गं. कुठायस तू?"

वारा होताच. फिती गुणगुणत होत्या...

आणि त्याला ती दिसली.

कोपऱ्यातली काठी. तिला बांधलेली एक फीत. बाकीच्या सगळ्या आडव्या उडत होत्या. ही सरळ खाली लोंबत होती. हलत नव्हती.

अजिबात.

तो उठला. जवळ गेला. फितीवर चुरगळल्याच्या खुणा. कापलेली टोकं. हात पुढे केला...

फीत गरम होती.

डिसेंबरातली रात्र, पानांवर दहिवर पडलेलं. आणि ती फीत कढत. तापलेल्या पोराचं मनगट लागतं, तशी.

त्याने गाठ सोडली. आणि सगळा वाफा गप्प झाला. वारा होता, त्याच्या तोंडावर लागत होता. पण एकही फीत वाजत नव्हती.

त्याने ती बोटाला गुंडाळली आणि मागे वळला. चार पावलं गेला असेल. बोटाला ओढ लागली. हलकीशी. तो थांबला, ओढ थांबली. तो चालायला लागला, पुन्हा ओढ. लहान मूल बोट धरून चालतं ना... त्याला मोठ्या माणसाच्या पावलाशी पाऊल मिळवता येत नाही... तसं.

मागे वळून बघितलंस का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "बघितलं असतं तर मी चाललो नसतो. आणि ती एकटी राहिली असती." एवढंच म्हणाला. पण पावलं लहान टाकली, म्हणाला. तिला जमतील अशी.

दुकानाच्या पायरीशी ओढ सुटली.

काचेवर फीत पसरून त्याने अंगठ्याने सुरकुत्या काढल्या. जोड लावला. दोनदा चुकला. चुरगळलेली फीत चालवायची म्हणजे हेड तुटण्याची पाळी, हे तो दुसऱ्यांना रोज सांगायचा. त्याने ते चांगलं मशीनच उचललं. बाईंना म्हणाला, "चला." मशीन बाईंच्या मांडीवर, बाई स्कूटरच्या मागे, आणि रस्त्याला चिटपाखरू नाही.

खोली लहान होती. खाट, औषधांचा वास, पायथ्याशी टीव्ही. टीव्हीवर मुंग्या चालूच होत्या. खाटेवर तो माणूस, गालांची हाडं वर आलेली. श्वास घेतला की वाटायचं, हा शेवटचा. मग बऱ्याच वेळाने दुसरा यायचा. आणि डोळे. डोळे तेवढे जिवंत होते, हेडमास्तर म्हणाला. त्या डोळ्यांसमोर उभं राहवत नव्हतं.

त्याने मशीन जोडलं. कॅसेट घातली.

लग्नाचा शेवट. मुंग्या. मुंग्या...

जोड हेडवरून गेला. खट्. चित्र उडालं. फाटलं. तो मनातल्या मनात म्हणत होता, टिकू दे, एवढं टिकू दे.

आणि ती आली.

हेडमास्तरने तिचं तोंड तेव्हा पहिल्यांदा बघितलं. साधी पोर होती रे. नाक वाहत असलेली, तापाने डोळे लाल झालेली. एका वेणीची रिबीन सुटलेली. चालत चालत पुढे आली. पडदाभर झाली.

"बाबा, घरी चला ना."

आता कॅमेऱ्याच्या मागून बापाचा आवाज यायला हवा होता. बाई वाट बघत होत्या. त्यांना पाठ होतं ते.

आवाज आला नाही.

पोर पडद्यातून बघत उभी. वाट बघत. बाईंनी मशीनकडे बघितलं. मशीन चालू होतं. फीत फिरत होती. वीतभर फीत, ती संपायला हवी होती एव्हाना... संपत नव्हती.

पोर उभीच होती.

आणि मग...

मागून.

खाटेवरून.

"आलोच."

स्पष्ट. खणखणीत. आजारी माणसाचा नाही, तरण्याताठ्या माणसाचा आवाज.

पोर हसली. तिने हात पुढे केला, तळवा मोठा मोठा होत गेला, आणि पडदा काळा झाला. मशीन आपोआप बंद पडलं.

हेडमास्तर वळला. त्या माणसाची नजर टीव्हीवरच होती. पण आता ती काही मागत नव्हती.

बाई खाटेच्या कडेला बसल्या. नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "गेले वेळेवर."

पुढे फार काही नाही. सगळं उरकेपर्यंत तो तिथेच थांबला. दुपारी दुकानात आला. कितीही दमलेला असला तरी सवय ती सवय, त्याने आधी हेड साफ केलं. तुटलं नव्हतं. मग चाचणीची कॅसेट लावली.

त्यानंतर त्याने दुकान चालवलं नाही. मशीन आणि ती कॅसेट मला आणून दिली. "टाकवत नाही, आणि घरात ठेववत नाही," म्हणाला. मी त्याला पहिल्यांदाच मास्तर न म्हणता दादा म्हणालो आणि ठेवून घेतली.

हं, झालं का हेड साफ? दाखव. छान. हातातल्या कॅसेटवर काय लिहिलंय ते आता वाच.

'चाचणी.' तीच आहे. घाल आत. घाबरता काय, यात आता कोणी नाहीये. मी बघितलीय. एक सांगतो, दुकानामागच्या त्या खोलीत मी स्वतः जाऊन आलोय. ते दार अजून आहे, आणि कडी काढायला मलासुद्धा हात वर करावा लागतो, त्या पोरीला एकटीला ती जमणारी नव्हती. या कॅसेटचं शूटिंग केलं तेव्हा दार बंद होतं. हेडमास्तरने स्वतः ते बंद केलं होतं, आणि त्या डिसेंबरच्या आधी मी ही कॅसेट वीस वेळा तरी तशीच पाहिलेली होती.

आलं का चित्र? घड्याळ चालतंय? टिकटिक ऐका.

आता दार बघा. सताड उघडं आहे. आणि कडी... ती वरून खाली सोडलेली आहे. अजून थोडी हलतेय बघा.